सहा मिनिटांचा तिळगूळ

सणाचा गोड पदार्थ लौकर व्हावा कीं सावकाश व्हावा, हा प्रश्न पूर्वीं कोणाच्या घरांत निघत नसे. कारण तो सावकाशच होत असे, आणि जें सावकाशच व्हावयाचें त्याविषयीं वाद कसला घालावयाचा? आतां मात्र हा प्रश्न घरोघर निघूं लागला आहे. आमच्या घरींही तो गेल्या पौषांत निघाला, आणि त्याला निमित्त झाली ओट्याच्या कोपऱ्यांत बसविलेली एक पांढरी पेटी. तिला सर्वजण मायक्रोवेव्ह म्हणतात. भाषाशुद्धीचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं तिला सूक्ष्मलहरींची भट्टी खुशाल म्हणावें. पण आमच्या सात वर्षांच्या नातीला तें नांव उच्चारावयास जितका वेळ लागतो, तितक्या वेळांत त्या पेटींत दूध उतूं जातें.

आम्ही राहतों तें कामरगांव वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यांत आहे. १९९८ सालीं वाशीम जिल्हा निराळा झाला. त्यापूर्वीं आमची गणना अकोला जिल्ह्यांत होत असे. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन मीं मास्तरकी पत्करली आणि तींतच केंस पांढरे करून निवृत्त झालों. संस्कृत काय येतें तें वडिलांपाशीं ओसरीवर बसून अमरकोश आणि तर्कसंग्रह घोकला तेवढेंच. घरांत आम्ही पांच माणसें: मी, आमचें कुटुंब, मुलगा, सून आणि नात. सून कारंज्याच्या एका बँकेंत नोकरीला आहे. सकाळीं नवाच्या आंत ती घर सोडते आणि दिवेलागणीला परतते. इकडे कुटुंबाचे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुर करूं लागले आहेत. ओट्यापाशीं घटकाभर उभें राहिलें कीं तिला भिंतीचा आधार घ्यावा लागतो.

संक्रांत आठ दिवसांवर आली तेव्हां सूनबाई भीत भीत म्हणाली, "आई, यंदा तिळगूळ विकतचाच आणूं या कां? कारंज्याला चांगला मिळतो." त्यावर कुटुंब कांहीं बोललें नाहीं, पण त्या रात्रीं जेवणांत तिचें लक्ष नव्हतें. चाळीस वर्षांत या घरांत संक्रांतीचा तिळगूळ बाहेरून आलेला नव्हता. सूनबाईच्या तें ध्यानांत आलें असावें. दुसऱ्या दिवशीं ती म्हणाली, "मग मायक्रोवेव्हमध्यें करूं, आई. सहा मिनिटांचें काम आहे. मी बँकेंतून आल्यावरही होईल."

"सहा मिनिटांत दूध तापतें," कुटुंब म्हणालें, "पाक होत नाहीं. आणि त्या पेटींत विस्तव नाहीं, ज्वाळा नाहीं. देवापुढें ठेवावयाचे तीळ, आणि त्यांना अग्नीचा स्पर्शही नाहीं? त्याला पाक तरी कसें म्हणावें?"

वाद एवढाच होता, परंतु तो वाटतो तितका लहान नव्हता. सूनबाईचें ऐकावें तर सासूच्या श्रद्धेला धक्का लागणार; सासूचें ऐकावें तर घरचा तिळगूळ यंदापासून बंद होणार, आणि एकदां बंद झालेली गोष्ट पुन्हां सुरू होत नाहीं हें प्रत्येक गृहस्थाला ठाऊक आहे. अखेर दोघीही माझ्याकडे वळल्या. "अहो, तुमचें शास्त्र काय म्हणतें तें एकदां सांगून टाका," असा हुकूम झाला.

शास्त्र आमच्यापाशीं थोडें, पण या कामापुरतें तें पुरलें. पाक हा शब्द 'पच्' धातूपासून झाला आहे. स्वयंपाकांत तोच आहे, परिपाकांत तोच आहे, आणि आढींतला आंबा 'पिकला' असें आपण म्हणतों तें रूपही 'पक्व' या शब्दापासूनच आलें. म्हणजे चूल हा पाकाचा अवश्य भाग नव्हे. आंब्याच्या आढींत कोणी चूल पेटवीत नाहीं. नैयायिकांनीं तर पाकाची व्याख्याच करून ठेविली आहे: तेजाच्या संयोगानें पदार्थाचें रूप, रस, गंध आणि स्पर्श पालटले म्हणजे त्याला पाक म्हणावें. कच्चा घडा भट्टींत लाल होतो, हें त्यांचें आवडतें उदाहरण. आतां तेज म्हणजे काय? सतराव्या शतकांतील अन्नंभट्टानें तर्कसंग्रहांत तेजाचे चार प्रकार सांगितले आहेत. विस्तव हा पहिला, भौम. पोटांतला जठराग्नि हा औदर्य. खाणींत सांपडणारें सोनें हें आकरज. आणि उरलेला प्रकार दिव्य, म्हणजे वीज इत्यादि. आणि त्याचें लक्षण असें कीं, त्या तेजाचें इंधन पाणी आहे.

हें सांगतांच सूनबाई एकदम म्हणाली, "बाबा, पण हा ओव्हन असाच तापतो! विजेवर चालतो आणि पदार्थांतलें पाणी तापवतो." आम्ही सर्वजण हंसलों. यावरून आमच्या पूर्वजांना हें यंत्र ठाऊक होतें असा डांगोरा मात्र कोणीं पिटूं नये. त्यांना तें ठाऊक नव्हतें. आकाशांतली वीज आणि ढगांतलें पाणी पाहून त्यांनीं तें लक्षण बांधलें. त्यांनीं व्याख्या ऐसपैस केली, म्हणून इतक्या वर्षांनंतर तींत एक नवा पाहुणा बसूं शकला, इतकेंच. कुटुंबानें थोडा विचार केला आणि म्हणालें, "ठीक आहे. पण पहिली वडी देवापुढें ठेवीन तेव्हां निरांजन लावून ठेवीन. म्हणजे तुमचें दिव्य तेजही झालें आणि माझा अग्निही झाला." निवाडा याहून चांगला मला देतां आला नसता.

या पेटीचा जन्मही एका गोड वडीपासूनच झाला, ही गोष्ट वाचकांना मौजेची वाटेल. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूचीं विमानें शोधण्यासाठीं रडार नांवाचें यंत्र वापरीत. त्यांतल्या सूक्ष्म लहरी उत्पन्न करणाऱ्या नळीला मॅग्नेट्रॉन म्हणतात. अमेरिकेंतील रेथिऑन कंपनींत पर्सी स्पेन्सर नांवाचा एक तंत्रज्ञ या नळ्यांचें काम पाहत असे. हा गृहस्थ मेन प्रांतांतला, बाराव्या वर्षीं शाळा सोडून गिरणींत कामाला लागलेला. पुढचें सर्व ज्ञान त्यानें स्वतः पुस्तकें वाचून मिळविलें. १९४५ च्या सुमारास तो चालू असलेल्या मॅग्नेट्रॉनजवळ उभा असतांना त्याच्या खिशांतली गोड वडी विरघळली. ती चॉकलेटची होती असें कोणी सांगतात, शेंगदाण्यांची होती असें कोणी सांगतात. दुसरा एखादा असता तर खिसा झटकून मोकळा झाला असता. स्पेन्सरनें मक्याचे दाणे आणवून नळीसमोर धरले. त्यांच्या लाह्या फुटल्या. त्यानें ८ ऑक्टोबर १९४५ रोजीं या कल्पनेच्या पेटंटसाठीं अर्ज केला. १९४७ सालीं विक्रीला आलेली पहिली भट्टी पुरुषभर उंच आणि सुमारें ३४० किलो वजनाची होती. ती घरांत ठेवावयाची तर आधीं घरांतल्या माणसांना बाहेर काढावें लागलें असतें. ओट्यावर मावेल अशी पेटी १९६७ सालीं निघाली.

तिचें काम असें चालतें. मॅग्नेट्रॉनमधून निघणाऱ्या लहरींची लांबी सुमारें १२ सेंटिमीटर असते आणि त्यांची दिशा सेकंदाला सुमारें २४५ कोटी वेळां मागेंपुढें पालटते. पाण्याच्या कणाचें एक टोंक किंचित् धन व दुसरें किंचित् ऋण असल्यामुळें तो कण प्रत्येक पालटाबरोबर वळूं पाहतो. शेजारच्या कणांशीं त्याची खेंचाखेंच होते आणि तीच उष्णता होय. म्हणून ज्यांत पाण्याचा अंश अधिक तो पदार्थ भराभर तापतो. तिळांत निम्म्याच्या आसपास तेल आणि पाणी अगदीं थोडें. ते सावकाश तापतात. गुळांत ओलावा असतो. तो पाहतां पाहतां फेंसाळतो. शिवाय या लहरी पेटींत सर्वत्र सारख्या पोंचत नाहींत. कोठें जोर अधिक, कोठें कमी. म्हणून आंतली बशी फिरती ठेवलेली असते, आणि म्हणूनच पुनः पुनः ढवळणें अवश्य आहे.

आतां कृति. आमच्या घरचें प्रमाण असें: एक वाटी बिनपॉलिशचे तीळ, पाऊण वाटी किसलेला चिक्कीचा गूळ, पाव वाटी भाजलेल्या दाण्यांचें जाडसर कूट, दोन लहान चमचे तूप आणि चिमूटभर वेलदोड्याची पूड. पेटी ८०० वॅटची धरली आहे. कमी शक्तीची असल्यास वेळ थोडा वाढवावा. तीळ पसरट काचेच्या भांड्यांत घालून तीन मिनिटें भाजावे, मात्र दर मिनिटाला भांडें बाहेर काढून ते खालवर करावे. ते फुगून खमंग वास सुटला म्हणजे पुरे. मग दुसऱ्या खोलगट भांड्यांत गूळ आणि तूप घालून दीड ते दोन मिनिटें ठेवावें व दर तीस सेकंदांनीं ढवळावें. गूळ फेंसाळून वर आला कीं त्याचा एक थेंब थंड पाण्याच्या वाटींत सोडावा. थेंब पसरला तर अजून पंधरा सेकंद द्यावे. त्याची मऊ गोळी वळली तर वडी चांगली होईल. तो कडक होऊन कट्कन मोडला तर वडीची आशा सोडून चिक्की करावी. तीही वाईट लागत नाहीं. पाक झाला म्हणजे तीळ, कूट व वेलदोडे त्यांत घालून झटपट कालवावे, तूप लावलेल्या ताटांत थापावे आणि गरम असतांनाच वड्या पाडाव्या. यंत्राचीं पांच मिनिटें आणि हातांचें एक. थापणें व कापणें निराळें.

दोन-तीन गोष्टींची सावधगिरी अवश्य ठेवावी. भांडें तापसह काचेचें किंवा चिनी मातीचें घ्यावें. स्टीलची वाटी आंत ठेवूं नये, ठिणग्या उडतात. प्लॅस्टिकचें भांडें पाकाच्या उष्णतेनें वितळतें. भांडें निम्म्याहून अधिक भरूं नये, कारण गूळ उसळून वर येतो. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, या पेटींत ज्वाळा दिसत नसल्यामुळें पाक गरम आहे याचा विसर पडतो. उकळतें पाणी १०० अंशांवर थांबतें. पाकाची मऊ गोळी सुमारें ११५ अंशांना वळते, आणि कांचेसारखा मोडणारा पाक १५० अंशांच्या घरांत असतो. शिवाय तो कातडीला चिकटतो. लहान मुलांना थेंब पाहावयास द्यावा, भांड्याला हात लावूं देऊं नये.

पहिल्याच दिवशीं वड्या नीट झाल्या. कुटुंबानें एक वडी देवापुढें ठेवली, एक तोंडांत टाकली, आणि "गूळ किंचित् कमी हवा होता" असें म्हणालें. तिच्या बोलींत याचा अर्थ पसंती असा होतो. वाद मिटला, आणि मला वाटलें आतां या विषयांत सांगण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. पण नातीनें दुसरें एक विचारलें. शाळेंत तिला कँडी या शब्दाचा अर्थ विचारला होता. मीं तिला सांगितलें कीं, हा शब्द आपल्या घरचाच आहे. फक्त फार वर्षें परदेशीं राहून आला आहे. संस्कृतांत खंड म्हणजे तुकडा; उसाच्या रसापासून केलेल्या खड्यांनाही खंड म्हणत. फारशींत त्याचें कंद झालें, अरबींतून तो शब्द युरोपांत गेला आणि इंग्रजांच्या तोंडीं त्याची कँडी झाली. शर्करा म्हणजे मुळांत खडा, वाळूचा रवाळ कण. तीही त्याच वाटेनें जाऊन शुगर झाली. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत कोठाराच्या प्रकरणीं उसाच्या रसाचे पांच पदार्थ सांगितले आहेत: फाणित म्हणजे काकवी, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा. मत्स्यंडिका म्हणजे माशांच्या अंड्यांसारखी दाणेदार साखर. किती नेमकें नांव! तिळाचीही कुळी अशीच मोठी. तेल हा शब्दच तिळापासून झाला. पुढें करडईचें असो कीं एरंडाचें, सर्वांना तेंच नांव पडलें. आणि संस्कृतांत तेलालाही स्नेह म्हणतात, मायेलाही स्नेहच म्हणतात.

नातीनें हें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग आजोबा, तो पांढरा कांट्यांचा हलवाही मायक्रोवेव्हमध्यें होईल कां?"

होणार नाहीं. आणि तो कां होणार नाहीं हें समजून घेतलें म्हणजे या सर्व प्रकरणाचें मर्म हातीं येतें. वडीला पाहिजे ती उष्णता. ती विस्तवाची असो कीं विजेची, तिळाला त्याची चौकशी नसते. हलव्याला उष्णतेहून निराळें कांहीं पाहिजे. मूठभर तीळ परातींत घेऊन परात मंद आंचेवर ठेवावयाची. साखरेचा एकतारी पाक थोडें दूध घालून, मळी काढून स्वच्छ करावयाचा. मग चमचाभर पाक तिळांवर सोडावयाचा आणि बोटांच्या अग्रांनीं ते हळूहळू फिरवीत राहावयाचें. पाक वाळला, दाणा सुटा झाला कीं दुसरा चमचा. असें दिवसाला दोन-तीन तास, आणि असे तीन-चार दिवस. प्रत्येक थरांतलें पाणी उडून जातें आणि साखरेचे बारीक स्फटिक मागें राहतात. दाण्यावर जेथें उंचवटा असतो तेथें पुढचा थर अधिक बसतो आणि कांटा उभा राहतो. हवा थंड व कोरडी असेल तर कांटा टोंकदार येतो. आमच्या वऱ्हाडांतल्या पौषाची हवा याला फार चांगली. पेटीचें दार मात्र बंद असतें. आंत बोट फिरवितां येत नाहीं. म्हणून तीळ एकमेकांना चिकटून त्यांचा गोळाच होणार.

माझ्या लहानपणीं आमच्या घरीं हलवा आत्या करीत असे. चुलींत पऱ्हाट्या आणि तुराट्या जळत. त्यांचा जाळ भडकतो आणि लगेच विझतो, तो भाकरीला ठीक. हलव्यासाठीं आत्या बाभळीचे कोळसे निराळे राखून ठेवी. दुपारचीं भांडीं आवरलीं कीं ती शेगडीवर परात मांडून बसे, तों दिवे लागेपर्यंत. तिच्या उजव्या हाताचीं बोटें त्या आठवड्यांत लाल होऊन जात. वाड्यांत कोणाची नवी सून आली असेल तर पहिल्या संक्रांतीला तिच्या काळ्या चंद्रकळेवर घालावयाचे हलव्याचे दागिने आत्याच करी: बांगड्या, हार, नथ, बिंदी. कोणाच्या तान्ह्या मुलाचें बोरन्हाण असेल तर मुकुट आणि बासरी तिच्याकडूनच जाई. ती सतराव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं परत आली होती. संक्रांतीच्या संध्याकाळीं ओसरीवर हळदीकुंकू होई, बायका वाण लुटीत, चांदीच्या वाट्यांतून आत्याचा हलवा फिरे, आणि कांटा किती सुरेख आला आहे याची वाखाणणी होई. आत्या त्या वेळीं माजघरांत दाराआड बसलेली असे. तिनें कधीं तक्रार केली नाहीं. तिला कोणीं विचारलेंही नाहीं. १९८१ सालीं ती वारली. आमच्या कुटुंबाला हलवा करावयास तिनेंच शिकविलें.

हा हलवा एकट्या आपलाच आहे असेंही नाहीं. जपानांत कोम्पेइतो नांवाची कांटेरी मिठाई करतात. १५६९ सालीं लुईस फ्रॉइस नांवाच्या पोर्तुगीज पाद्र्यानें ती कांचेच्या पात्रांत घालून ओदा नोबुनागा या सरदाराला नजर केली होती. पुढें जपानी कारागिरांनीं ती कला हस्तगत केली. खसखशीच्या किंवा तिळाच्या दाण्यावर ते पाकाचे थर चढवीत. आज तेथें तापलेल्या तिरप्या कढया यंत्रानें फिरतात, तरी एक घाणा तयार व्हावयास दोन आठवडे किंवा अधिक लागतात. त्यांचें यंत्रही हें काम लौकर उरकूं शकलेलें नाहीं. तेराडा तोराहिको नांवाच्या तेथील पदार्थविज्ञानवेत्त्यानें, जो निबंधकार म्हणूनही प्रसिद्ध होता, या मिठाईला कांटे कां येतात याचा विचार आवडीनें केला. कारंज्यापासून क्योटोपर्यंत साखरेचा स्वभाव एकच: तिला कांटा यावयाचा तर कोणीतरी तिच्यापाशीं बसलें पाहिजे.

आणि येथेंच माझा मुख्य प्रश्न उभा राहतो. बसावयाचें कोणीं? 'पूर्वींची सावकाशी आतां राहिली नाहीं' असें आपण म्हणतों, तेव्हां ती सावकाशी कोणाच्या खात्यावर लिहिली होती तें पाहत नाहीं. आत्याचे चार दिवस, दिवसाचे तीन तास, म्हणजे एका संक्रांतीचे बारा तास. असे चाळीसहून अधिक संक्रांतींचे तास तिनें भरले. सावकाशीची गोडी गाणारे बहुधा पाटावर बसलेले असतात. परातीपाशीं बसलेले नसतात. सूनबाईनें दिवसभर बँकेंत हिशेब लिहून रात्रीं पुन्हां शेगडी फुंकावी, अशी अपेक्षा जो करील त्यानें आधीं स्वतः कोळसे पेटवून पाहावे. वडी सहा मिनिटांत होते ही गोष्ट मला म्हणूनच न्यायाची वाटते. ज्या कामाला नुसती उष्णता पाहिजे तें काम यंत्रावर सोंपवावें आणि माणसाचा तेवढा वेळ मोकळा करावा. त्यांत सणाचें कांहीं कमी होत नाहीं.

पण ज्या कामाला हातच पाहिजे तें काम टाकूनही देऊं नये. आणि तो हात बाईचाच असावा असें कोणत्या सूत्रांत सांगितलें आहे? गांवांत सर्वांत अधिक रिकामा वेळ निवृत्त पुरुषांपाशीं असतो. तो आम्ही पारावर, वर्तमानपत्रावर आणि औषधांच्या चौकशींत घालवितों. गेल्या संक्रांतीपूर्वीं चार दिवस मीं परात मांडली. खालीं शेगडीऐवजीं गॅसची अगदीं बारीक ज्योत आणि तिच्यावर जाड तवा ठेवला. कुटुंब शेजारीं खुर्ची टाकून बसलें आणि आत्यानें शिकविलेलें मला शिकवूं लागलें: "बोटें दाबूं नका. दाणा आपण होऊन फिरला पाहिजे. आतां थांबा, वाळूं द्या." नात चमच्यानें पाक सोडी. तिसऱ्या दिवशीं दाण्यांवर बारीक कांटे दिसूं लागले, तेव्हां ती परातीवर वांकून कितीतरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, हें मायक्रोवेव्हमध्यें होत नाहीं तें बरें झालें." चार दिवस तिच्या आजीनें, आजोबानें आणि तिनें एका परातीभोंवतीं बसावयाचें, दुसरें कांहीं करावयाचें नाहीं, हें तिला पसंत पडलें होतें.

संक्रांतीच्या संध्याकाळीं सूनबाईनें हळदीकुंकवाला शेजारपाजारच्या बायकांना बोलाविलें. त्यांत आमच्या आळींतली एक बाई होती, जिचा नवरा गेल्या पावसाळ्यांत वारला. ती दारापर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेर थबकली. २०२२ च्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें विधवांविषयींच्या जुन्या रूढि बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनानेंही इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरविण्यास सांगितलें; परंतु ठराव कागदावर होतो आणि उंबरा प्रत्येकीला एकटीनेंच ओलांडावा लागतो. सूनबाईनें पुढें होऊन तिचा हात धरला. ओसरी क्षणभर शांत झाली. मीं कुटुंबाकडे पाहिलें. तिनें गुडघ्यांवर हात टेकून स्वतःला उठविलें, हलव्याची वाटी घेतली, आणि त्या बाईच्या ओंजळींत मूठभर हलवा घालून म्हणालें, "यंदा कांटा चांगला आला आहे, बघ. आमच्या आत्याबाईंच्या हातचा येत असे तसा." मग तिनें कुंकवाचा करंडा उघडला.

हळदीकुंकवाला आपण अटी घातल्या; तिळगुळाला कधींच अट नव्हती. तो पुरुषांनीं पुरुषांना द्यावा, मुलांनीं वडिलांना द्यावा, भांडलेल्यांनीं भांडलेल्यांना द्यावा. सणांतला हा भाग सर्वांत उदार. तो पुढें चालावयाचा असेल तर तो घरांत होत राहिला पाहिजे, आणि घरांत होत राहावयाचा असेल तर तो करणाऱ्याला झेपला पाहिजे.

असो. ज्यांच्या घरीं ही पांढरी पेटी आहे त्यांनीं येत्या संक्रांतीला वरील प्रमाणानें वड्या करून पाहाव्या. नैवेद्याच्या दृष्टीनें शंका आल्यास शेजारीं निरांजन लावावें. आणि त्या घरांत माझ्यासारखा एखादा निवृत्त गृहस्थ असेल तर त्यानें चष्मा पुसून परातीपाशीं बसावें. साखर पाव किलोपासून आरंभ करावा, तीळ थोडेच घ्यावे, बोटें दाबूं नयेत. उशीर मात्र करूं नये. पौषाची थंडी आहे तोंवरच कांटा चांगला येतो.